दहा जणांतली

तासगावाकडची द्राक्षं मार्केट यार्डात उतरायला लागली, की कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती वसाहतीतल्या पोरं धास्तीनं रविवार मोजायला लागायची. परीक्षेच्या धास्तीनं नव्हे हो. परीक्षेला कोण भितंय! रविवारच्या शब्बाथ शाळेत रिबेका चोपडेबाईंचा हेरांचा धडा जवळ आला, म्हणून.

हा नुसता धडा नव्हता, अख्खा खेळ होता, आणि तो बाईंनी स्वतःच्या डोक्यानं काढलेला. गोष्ट शास्त्रातली, मोशेच्या काळातली. मिसरातल्या गुलामीतनं सुटलेले इस्राएल लोक चालत चालत कनान देशाच्या वेशीवर आले. हा देश तुम्हाला देईन, असा देवाचा शब्द होता. आत काय आहे ते बघायला मोशेनं बारा हेर धाडले. बाराही जण धड परत आले, येताना द्राक्षांचा एवढा मोठा घड आणला की तो काठीला टांगून दोघांनी खांद्यावर घ्यावा लागला. मग दहा जण म्हणाले, देश झकास आहे, पण आपल्याच्यानं होणार नाही. भिंती उंच, माणसं धिप्पाड, त्यांच्यापुढं आपण म्हणजे टोळ. कालेब आणि यहोशवा हे दोघेच म्हणाले, देव आपल्यासंगं आहे, चला. लोकांनी ऐकलं कुणाचं? दहांचं. आणि देवानं निकाल दिला. ज्यांनी विश्वास ठेवला नाही त्यातला एकही त्या देशात पाय ठेवणार नाही. चाळीस वर्षं रानात फिरा आणि तिथंच मरा.

बाई दवाखान्यात सिस्टर होत्या. पूर्वी इंजेक्शनच्या सुया उकळायला वापरायचे तो स्टीलचा डबा त्यांनी शब्बाथ शाळेला आणून दिला होता. त्यात बारा चिठ्ठ्या. बारा पोरं यायची, डोळे मिटून एकेक उचलायची. दोन चिठ्ठ्यांवर नावं असायची, कालेब आणि यहोशवा. बाकीच्या दहांवर फक्त फुली. बारा जण चर्चच्या आवाराला फेरी मारून यायचे. ज्यांना नावं आली ते दोघे काठीला टांगलेला द्राक्षांचा घड मिरवत आणायचे, आणि फुलीवाले दहा जण चिंचेखाली मातीत बसून मोठ्यानं म्हणायचे, "आम्ही टोळ! आम्ही टोळ!" दोघांनी दहांच्या नाकासमोर द्राक्षं खायची. दहांना एक मणी नाही. बाईंचा नियम म्हणजे नियम. एखादं बारकं पोरगं भोकाड पसरायचं, तर बाई म्हणायच्या, "रडून काय हुतंय? अविश्वासाला द्राक्ष न्हाय!"

चिठ्ठीत काय त्या पोरांचा दोष? पण हे चाळीस वर्षांत कुणी विचारलं नाही. म्हणजे एकानं विचारलं होतं. सात वर्षांचा अमोस तिवडे, बाप नुकताच वारलेला, अंगात मोठ्या भावाचा सदरा. त्याला फुली आली. शेजारच्या कालेबाला दया आली, त्यानं हळूच एक मणी त्याच्या मुठीत सरकवला. बाईंच्या नजरेतनं काय सुटतंय? त्यांनी मूठ उघडून मणी काढून घेतला. तेव्हा अमोस म्हणाला, "बाई, मला फुलीच आली, त्यात माझं काय चुकलं?" बाई म्हणाल्या, "असं विचारणं हाच अविश्वास." बाई त्याच आठवड्यात ते सगळं विसरून गेल्या. अमोस विसरला नाही.

तर अशा या रिबेकाबाई. नवरा दवाखान्यातच कंपाउंडर, तो लवकर गेला. बाईंनी बत्तीस वर्षं वॉर्डात पाय मोडले, एकटीनं पोराला वाढवलं. पोराचं नाव नोएल. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर होता. पोरगं सरळ, बोलायला कमी, फुटबॉलची मॅच असली की मात्र घसा बसेपर्यंत ओरडणारं. कबनूरच्या लूमवाल्याची पोरगी क्रांती त्याला केली. दोघांना एक मुलगी, हन्ना. बाई निवृत्त झाल्या, शब्बाथ शाळाही सुनेच्या हवाली केली, डबा आणि खेळासकट. आता काय, नातीच्या वेण्या घालायच्या आणि सांधे चोळत बसायचं, असं त्यांना वाटलं होतं. पण माणसानं ठरवावं आणि तसंच व्हावं, असं कुठं असतंय!

मागच्या पावसाळ्यात नोएलच्या पोटात दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणून दोन महिने गोळ्या खाल्ल्या. मग डोळे पिवळे झाले, फोटो काढले, तुकडा तपासला. रिपोर्ट आणायला बाई स्वतः गेल्या आणि दवाखान्याच्या जिन्यात उभ्या उभ्या त्यांनी तो वाचला. स्वादुपिंडात गाठ, यकृतात पसरलेली. अशी माणसं त्यांनी वॉर्डात किती बघितली होती! कितव्या आठवड्यात काय होतं हे त्यांना डॉक्टरापेक्षा पाठ होतं. त्या खाली पायरीवर बसल्या. तिथं बसून त्यांनी देवाजवळ जे मागितलं ते त्यांनी पुढं कुणालाही सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "देवा, याला फार तळमळत ठेवू नको. सुखानं ने." बरा कर, असं त्यांच्या तोंडातनं आलंच नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

चर्चची मंडळी मात्र खंबीर उभी राहिली, खोटं कशाला बोला. एकवीस दिवसांची साखळी प्रार्थना लागली. दर तासाला एकेक घर गुडघ्यावर. आणि या सगळ्याच्या पुढं कोण? पाळकसाहेब. रेव्हरंड अमोस तिवडे. व्हय, तोच फुलीवाला अमोस. शिकून पाळक झालेला, आवाज खडा, प्रार्थनेला उभा राहिला की माणसांच्या अंगावर काटा यायचा. नोएलच्या उशाशी बसून तो खरोखरीचा रडला. त्यात नाटक नव्हतं, बाईंनी जवळनं बघितलं होतं.

एकविसाव्या दिवशी रविवार होता. चर्च खच्चून भरलेलं. अमोस पाळक म्हणाला, "मला वचन मिळालंय. नोएल बरा झालाय. डोळ्यांना दिसायच्या आधी तोंडानं कबूल करणं, यालाच विश्वास म्हणतात. घरच्यांनी साक्ष द्यावी." क्रांती उठली, म्हणाली, "माझा नवरा बरा झालाय. देवाची स्तुती असो." टाळ्या पडल्या. मग सगळ्या माना बाईंकडं वळल्या.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "देवाला अशक्य काय न्हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या मनात आलं तर तो आत्ता उठवंल त्याला. पण रिपोर्ट मी वाचलाय. बरा झालाय, असं मी म्हणणार न्हाय. जे न्हाय ते हाय म्हणून सांगायला मला देवानं शिकवलेलं न्हाय." आणि खाली बसल्या. मागनं कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं तेवढंच.

त्या रविवारपासनं नवव्या दिवशी नोएल गेला. जायच्या आदल्या संध्याकाळी खोलीत दोघंच होती. तो म्हणाला, "आई, येणारा जाणारा बरा झालास म्हणतोय. मला तर हाडं मोडल्यागत हुतंय. तू तरी खरं सांग." बाईंनी त्याचा हात हातात घेतला आणि खरं सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. सारखं बरा झालोय असं दाखवून दमलोतो मी." आणि कितीतरी दिवसांनी त्याला शांत झोप लागली. पण हे बघायला दुसरं होतं कोण? आणि बाई सांगत बसणाऱ्यातल्या नव्हत्या.

माती झाली, आणि पुढच्याच रविवारी अमोस पाळकानं हेरांचा उतारा काढला. नाव कुणाचं घेतलं नाही. पण दहा माणसांच्या तोंडानं अख्खी पिढी रानात कशी मेली, अविश्वासाचा एक शब्द अख्ख्या घराला कसा भोवतो, कृपेच्या दारातनं माणसं कशी माघारी फिरतात, हे त्यानं तासभर सांगितलं. ऐकणाऱ्यांना नाव कशाला लागतंय? शहाण्याला शब्दाचा मार. बाई तिसऱ्या बाकावर ताठ बसून होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. क्रांती आणि हन्ना त्या दिवशी पुढं, भगिनी मंडळात जाऊन बसल्या होत्या.

मग सुरू झालं. दारात येऊन सांत्वन करणाऱ्या बायका फाटकातनंच क्रांतीला हाक मारायला लागल्या. बाईंनी केलेला चहा कुणाला नको झाला. क्रांती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "जेवायला वाढलंय" आणि "दूध आलंय" एवढंच बोलायची. एकदाच, भाकरी थापता थापता, पाठमोरी राहून ती म्हणाली, "एक वाक्य हुतं आई. एकच. म्हणला असता तर तुमचं काय जाणार हुतं?" बाईंना सांगावंसं वाटलं, की मी काय म्हणते न म्हणते यावर देव अडून बसतो होय गं? पण जिभेवर आलं नाही. कारण त्याच जिभेनं त्यांनी चाळीस वर्षं पोरांना नेमकं तेच शिकवलं होतं.

आणि मग हन्ना. नऊ वर्षांची, बापाचं नाक घेऊन आलेली. एका सकाळी बाई तिच्या डोक्याला तेल लावून वेण्या घालत होत्या. एक वेणी झाली होती, दुसरीचे पेड पाडले होते. पोरगी पुढं बघत म्हणाली, "आज्जी, तू न्हाय म्हणालीस म्हणून पप्पा गेले का?"

बाईंचे हात थांबले. "कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. "कुणी न्हाय," हन्ना म्हणाली. "गोष्टीत तसंच हाय की." ती उठून दप्तर भरायला गेली. एक वेणी तशीच अर्धी राहिली, ती नंतर क्रांतीनं घातली. त्या दिवसापासनं हन्ना वेणीला आज्जीकडं आली नाही.

सकाळी दूध घालायला तानाबाई यायची. करवीरच्या बाजूची, दोन म्हशींची मालकीण, तोंडानं फाटकी आणि मनानं सरळ. तिनं सगळं ऐकलं आणि कमरेवर हात ठेवले. "सिस्टर, माझं ऐका. आमच्यात बी आसंच आस्तंय. कुणाचं पोरगं गेलं की सून पांढऱ्या पायाची, न्हाय तर सासूनं नवस फेडला न्हाय. देव कुणाचाबी आसूंदे, खापर बाईच्याच डोक्यावर! तुमी त्या पाळकाच्या थोबाडावर जाऊन इचारा की!"

"माझंच पोरगं हाय ते, तानाबाई. मीच शिकवलंय त्याला."

"मग तर कान धरून इचारा!" तानाबाई म्हणाली आणि किटली उचलून चालती झाली.

बाई गेल्या. पाळकाच्या घरी, भर दुपारी, छत्री टेकत. अमोस उठून उभा राहिला, खुर्ची दिली, स्वतः पाणी आणून दिलं. लहानपणी बाईंनी लावलेलं वळण अजून तसंच होतं.

"अमोस," बाई म्हणाल्या, "मला काय बोलायचं ते बोल. चारचौघांत बोल. पण माझी नात मला खुनी समजायला लागलीया. तिला बोलावून एवढंच सांग, तुझ्या आज्जीमुळं तुझा पप्पा गेला न्हाय. तू सांगितलंस तर ती ऐकंल."

अमोस खुर्ची ओढून समोर बसला. मग म्हणाला, "बाई, मी खोटं कसं सांगू? तुमी साक्ष द्यायला खोटं बोलला न्हाईसा. मग मी बोलावं, असं कसं म्हणता?"

"म्हणजे तुला तसंच वाटतंय?"

"मी नवीन काय सांगितलंय बाई? सगळं तुमीच शिकवलंय." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. "मला फुली आलती. तुमी माझ्या मुठीतनं द्राक्ष काढून घेतलं. मी विचारलं माझं काय चुकलं, तर तुमी म्हणाला, विचारणं हाच अविश्वास. त्या दिवशी मातीत बसून मी ठरवलं, मरंपर्यंत पुन्हा दहांत बसायचं न्हाय. आज मी इथं उभा हाय तो त्या दिवसामुळं. तुमचे उपकार हायत माझ्यावर."

उपकार! बाईंनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. त्यांनी समोरच्या या मोठ्या, केस पिकायला लागलेल्या माणसाकडं बघितलं आणि त्यांना भावाचा सदरा घातलेलं पोरगं दिसलं. गेली सदतीस वर्षं हे पोरगं भीत भीत विश्वास ठेवत आलं होतं, आणि ती भीती बाईंनीच भरली होती. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती अशी. बाई छत्री घेऊन उठल्या. "अमोस, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. कशाबद्दल ते त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "देव क्षमा करणारा हाय, बाई."

घरी आल्यावर त्यांनी शास्त्र काढलं. आपल्या धड्याचा उतारा कधी नव्हे तो परक्या माणसासारखा, बोट ठेवून, ओळ न् ओळ वाचला. पहिली गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती ही, की दहा जण खोटं बोललेच नव्हते. भिंती उंच होत्याच. माणसं धिप्पाड होतीच. कालेबानंही त्या भिंती नाकारल्या नव्हत्या, तो फक्त म्हणाला, तरी चला. "मी तरी चला म्हणाले का?" बाईंनी स्वतःला विचारलं. चर्चमध्ये तोंडानं म्हणाल्या होत्या, देवाला शक्य आहे. पण जिन्यात? जिन्यात त्यांनी मागितलंच नव्हतं. भिंत बघितली आणि तिथंच बसल्या. हे अमोसला माहीत नव्हतं, क्रांतीला नव्हतं. देवाला माहीत होतं. मग फुली बरोबरच आली म्हणायची. बाईंनी पळवाट शोधली नाही. निकाल देवाचा आहे, तर तो आपल्यालाही लागू, असं म्हणणारी ती जात होती.

पण बोट पुढं सरकलं. त्यांचा धडा दरवर्षी जिथं संपायचा, तिथं शास्त्र संपत नव्हतं. खेळाला तेवढंच पुरेसं होतं म्हणून पुढची ओळ त्यांनी पोरांपुढं कधी वाचलीच नव्हती. त्या ओळीत देव त्या कुरकुरणाऱ्या लोकांना म्हणत होता, की तुमची पोरं, ज्यांचं वाटोळं होईल म्हणून तुम्ही गळा काढलात, त्यांना मी आत नेईन. पोरं आत जातील. तुम्ही मात्र बाहेर राहाल. त्याच्याही खाली लिहिलं होतं, की आईबापांच्या पायी पोरांना चाळीस वर्षं रानात ढोरं राखत हिंडावं लागेल. बाईंनी तेही वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. पोरांना भोगावं लागणार होतं, पण आईबापांच्या अविश्वासापायी पोरं मारली नव्हती. आत नेली होती. बाई हमसून हमसून रडल्या. पोरगा गेल्यापासनं पहिल्यांदा.

"चाळीस वर्षं!" त्या स्वतःलाच म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिकवलं गं, आणि एक ओळ वाचली न्हाईस. शिकवायला निघालतीस, टवळे!"

फेब्रुवारी उजाडला. क्रांतीनं कपाटातनं स्टीलचा डबा काढला, चिठ्ठ्या नव्यानं लिहिल्या. खेळाच्या रविवारी बाई कुणी बोलावलं नसताना गेल्या आणि आवाराच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आईबापं जमली होती, मोबाईल वर धरून उभी. अमोस पाळक पायरीवर होता. बारा पोरांनी डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या. हन्नाची चिठ्ठी निघाली कालेबाची. तिचा चेहरा उजळला, पोरगीच ती. कितीतरी महिन्यांत बाईंनी तिला हसताना बघितलं नव्हतं.

फेरी झाली. काठीला घड टांगून हन्ना आणि एक पोरगा पुढं आले. दहा पोरं चिंचेखाली मातीत बसली. "आम्ही टोळ! आम्ही टोळ!" सुरू झालं. त्यात अगदी शेवटी एक लहान मुलगी बसली होती, तिचा ओठ थरथरत होता.

बाई भिंत सोडून निघाल्या. छत्री टेकत, सगळ्यांच्या मधनं, थेट चिंचेखाली गेल्या. छत्री बाजूला ठेवली, एक हात बुंध्याला लावला आणि दुखऱ्या गुडघ्यांवर कण्हत मातीत बसल्या. दहा पोरांच्या रांगेत अकराव्या. पोरांचा आवाज बंद पडला. आईबापांचे मोबाईल खाली आले.

"आई, काय करायला लागलाय?" क्रांती लगबगीनं आली. "उठा. लोक बघायला लागल्यात."

"बघू देत की. माझी जागा हितंच हाय."

हन्ना घड घेऊन समोर उभी होती. तिला काही कळेना. "आज्जी, तुला कुठं चिठ्ठी आलीया?"

"मला फुली आलीया बाळा. लई दिवस झालं." बाईंनी मान वर केली. आवाज वॉर्डातला होता, या टोकापासनं त्या टोकापर्यंत जाणारा. "अमोस, एक विचारते. या दहांची पोरं हुती. ती कुठं गेली?"

अमोस पाळक पायरीवर एक पाऊल मागं सरला.

"तू शिकलेला हायस. उतारा तुला पाठ हाय. सांग की सगळ्यांना! विचारणं अविश्वास न्हाय, मी खोटं शिकवलंतं तुला. दहांच्या पोरांचं काय झालं?"

आवारात सगळे त्याच्याकडं बघत होते. अमोसचा चेहरा पडला होता. तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "आत गेली."

"मोठ्यानं. नातीला ऐकू आलं न्हाय."

"आत गेली, बाई. पोरं आत गेली."

हन्नानं पाळकाकडं बघितलं, मग आज्जीकडं. नऊ वर्षांच्या डोक्यात काय काय जुळत होतं कोण जाणे. ती वाकून, जवळ येऊन म्हणाली, "मग पप्पा?"

"तो माझा पोरगा हुता न्हवं?" बाई म्हणाल्या. "मग तो आत गेला. मला भरोसा न्हवता म्हणून देवानं त्याला भाईर ठेवला न्हाय. त्याला नेला. मी ऱ्हायले भाईर, मातीत. माझी शिक्षा माझीच हाय, ती त्याला लागली न्हाय. एवढं ध्यानात ठेव. बाकीचं मोठी झालीस की बघ."

हन्ना हलली नाही. मग तिनं घडातनं एक टपोरा मणी तोडला आणि आज्जीपुढं धरला. बाईंनी तिची मूठ मिटवली.

"मला न्हाय. दहातल्यांना न्हाय, नियम माझाच हाय. या पोरांना दे. पोरांना सगळ्यांना दे. आणि त्या पायरीवरच्याला एक नेऊन दे. त्याचं एक द्राक्ष माझ्याकडं ऱ्हायलंय."

हन्नानं रांगेत एकेकाला दिलं. ओठ थरथरणाऱ्या मुलीला दोन. मग ती पायरीवर गेली. अमोस पाळकानं हात पुढं केला, मणी घेतला, पण तोंडात टाकला नाही. तळहातावर धरून तो तसाच उभा राहिला. मग पाठ फिरवून आत गेला, दार ओढून घेतलं.

क्रांती डबा छातीशी धरून उभी होती. बाईंनी तिच्याकडं एकदाच बघितलं. क्रांतीनं मान दुसरीकडं वळवली आणि खाली पडलेल्या चिठ्ठ्या गोळा करायला लागली. तिच्या नवऱ्याला कुणीही आत नेलेलं असू दे, घरातनं तो गेला होता, आणि ते एक वाक्य सासू बोलली नव्हती. लोक पांगले. कुणी हात द्यायला पुढं आलं नाही.

हन्ना तेवढी धावत परत आली. तिनं आज्जीचे दोन्ही हात धरले, टाचा मातीत रोवल्या आणि जीव खाऊन ओढायला लागली. म्हातारी जागची हलेना.

"ऊठ की आज्जी!"

"रानातनं उठायला चाळीस वर्षं लागत्यात बाळा," बाई म्हणाल्या. "तू जा घरी. मी बसते जरा."

हन्ना गेली नाही. ती फ्रॉक सावरून बाईंना पाठ करून मातीत बसली आणि सुटलेली वेणी तिनं खांद्यावरनं मागं टाकली.